मॅश टन पुन्हा पुन्हा तुंबतोय? गिरणीच्या चाकाला हात लावण्याआधी हे बघा

मॅश टन म्हणजे व्हिस्कीसाठी दळलेल्या माल्टवर (उगवून वाळवलेल्या बार्लीवर) टप्प्याटप्प्यानं गरम पाणी सोडून त्यातला गोड रस, म्हणजे वॉर्ट, गाळून घ्यायचं जाळीच्या तळाचं भांडं. तक्रार दर वेळी सारखीच असते. पहिलं पाणी कसंबसं उतरतं, दुसऱ्या पाण्याला वॉर्टची धार करंगळीएवढी होते, मग पंप नुसताच घरघरतो. शिफ्ट संपत आली तरी घाणा टनातच. शेवटी कुणीतरी वर गिरणीच्या मजल्यावर जातं आणि खालच्या रोलरांमधली फट ठरवणारं चाक जरा सैल करून येतं. पुढचे दोन-चार घाणे झकास निघतात. आठवड्याचा हिशेब झाला की उतारा, म्हणजे माल्टमागे मिळणारं अल्कोहोल, घसरलेला दिसतो, वरून विचारणा होते, चाक पुन्हा आवळलं जातं. पंधरवड्यानं टन पुन्हा तुंबतो.

मी स्कॉटलंडमध्ये, स्पेसाइडच्या भागात, माल्टच्या आवकेपासून मॅशपर्यंतच्या यंत्रांची देखभाल बघतो. भारतातल्या डिस्टिलऱ्यांत काम करणारे मित्र हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: ओतीव लोखंडाच्या चौकटीत नीट आवळून बसवलेली फट दर पंधरवड्याला आपणहून हलत नाही. हलतं ते दुसरंच काहीतरी. चाक फिरवून आपण त्याच्यावर पांघरूण घालतो आणि वर एक नवी गडबड तयार करून ठेवतो.

ज्या गिरण्यांबद्दल बोलतोय त्या म्हणजे लीड्सच्या पोर्टियस आणि सफकमधल्या बरी सेंट एडमंड्सच्या रॉबर्ट बोबी यांच्या. स्कॉटलंडच्या जुन्या डिस्टिलऱ्यांत आजही यांचंच राज्य आहे. आयला बेटावर आर्डबेगमध्ये बोबी आहे, ब्रुकलॅडीतही बोबीच, तीही पट्ट्यांवर चालणारी. या गिरण्या इतक्या टिकाऊ निघाल्या की नवी घ्यायची कुणाला गरजच पडेना आणि कारखाने बंद पडले, अशी गोष्ट इथे प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण परिणाम खरा आहे: कंपनीचा माणूस बोलवायची सोय नाही. या गिरण्या नीट कळणारे फिरते कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यामुळे पहिलं निदान आपल्यालाच करावं लागतं.

आतली रचना साधी आहे. नेहमीच्या चार रोलरांच्या गिरणीत दोन जोड्या असतात. वरची जोडी दाणा फोडते, टरफल उघडते. खालची जोडी आतला गर दळून त्याची कणी करते. बाहेर पडणाऱ्या भरडीत वजनानं साधारण 20 टक्के टरफल, 70 टक्के कणी आणि 10 टक्के पीठ असावं, हे प्रमाण इथे सगळ्यांना पाठ असतं. टरफल टनाच्या जाळीवर बसून गाळणीचं काम करतं, साखर कणीतून येते. पीठ वाढलं की चहाच्या गाळणीत पत्तीऐवजी भुकटी टाकल्यासारखं होतं, वरून ओतलेलं वरच राहतं. उलट भरड फार जाड राहिली तर टन भराभर निचरतो, पण गरातला स्टार्च ड्राफबरोबर, म्हणजे उरलेल्या चोथ्याबरोबर, गुरांच्या खाद्यात निघून जातो. हजार किलो माल्टमागे सुमारे 410 लिटर शुद्ध अल्कोहोल ही इथली नेहमीची अपेक्षा. त्यातले पाच-सात लिटर गेले तरी वर्षाच्या हिशेबात ते ठळक दिसतात.

नमुना कुठून घेताय?

निम्मी भांडणं इथेच मिटतात. बहुतेक जण भरडीच्या हॉपरमधून ओंजळभर माल उचलतात आणि चाळणीच्या पेटीत टाकतात. हॉपरमध्ये भरड वरून पडताना वेगळी होत जाते. जड आणि बारीक माल एकीकडे साचतो, हलकं टरफल घरंगळत कडेला जातं. तुम्ही कुठे हात घातला त्यावर तुमचं प्रमाण ठरणार. शिवाय गिरणी आणि हॉपर यांच्यामध्ये स्क्रू कन्व्हेयर असेल तर तो वाटेत टरफल आणखी मोडतो. तिथला आकडा बिघडला तर दोष गिरणीचा की कन्व्हेयरचा हे कळायला मार्ग नाही. म्हणून दोन्हीकडून घ्या. गिरणीच्या तोंडाशी एक आणि टनात पडण्याआधी एक. दोन्हींत पिठाचा फरक मोठा असेल तर रोलर निर्दोष आहेत, कन्व्हेयरची पाती आणि नळी बघा.

गिरणीच्या तोंडाशी नमुना घेतानाही रोलरच्या पूर्ण लांबीतून घ्यायचा. जुन्या गिरण्यांना त्यासाठी खण किंवा सरकती पेटी असते. डाव्या टोकाचा, मधला आणि उजव्या टोकाचा नमुना वेगवेगळा चाळून बघा. तिन्हींची सरासरी छान 20-70-10 येते आणि प्रत्यक्षात एका टोकाला पीठ पडतंय, दुसऱ्या टोकाला अख्खे दाणे सुटतायत, असं हमखास सापडतं.

पेटीत तीन कप्पे आणि दोन जाळ्या असतात. वरची साधारण दोन मिलिमीटरची, खालची 0.2 मिलिमीटरच्या आसपासची. 100 ग्रॅम घ्या, दर वेळी तेवढाच वेळ आणि तशाच पद्धतीनं हलवा, तिन्ही कप्पे तोला. बेरीज 100 च्या जवळ आली नाही तर तो नमुना टाकून द्या. आणि वर्षातून एकदा तरी ती खालची बारीक जाळी उजेडासमोर धरा. एक छोटी फाट पडली की कणी खाली उतरून पिठात मोजली जाते, आणि नसलेल्या पिठापायी गिरणी सैल केली जाते.

आता तोलण्याइतकंच महत्त्वाचं, किंबहुना जास्त: वरच्या कप्प्यातलं टरफल तळहातावर घ्या. चांगलं दळलेलं टरफल होडीसारखं असतं, लांबीत अख्खं, आतून रिकामं, बोटांत चोळलं तर हलकं कुरकुरतं. आत पांढरा गर चिकटलेला असेल तर वरची जोडी नीट फोडत नाही. टरफल चुरलेलं, टोकं फाटलेली, तुसासारखे धागे दिसत असतील तर वजन 20 टक्के येऊनही टनात त्याचा उपयोग नाही. म्हणून मी टरफलाचं वजन केल्यावर तेच मोजपात्रात ओततो आणि घनमान लिहून ठेवतो. वजन तेच आणि घनमान उतरत चाललंय, ही टन तुंबण्याची सगळ्यात आधी मिळणारी सूचना आहे. आकडा बरोबर आणि निचरा वाईट, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

वही काढा

पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाला तारखा असतात. मागच्या तीन-चार महिन्यांची मॅशची वही घ्या, तुंबलेल्या घाण्यांवर खूण करा आणि शेजारी लिहा: माल्ट कोणत्या सायलोतला, सायलो भरलेला होता की तळाला आला होता, कोणती खेप, हवा कशी होती, गिरणी सलग चालू होती की सुट्टीनंतर सुरू झाली. अर्ध्या तासाचं काम आहे. ते करायला कुणी राजी नसतं, कारण चाक फिरवायला अर्धं मिनिट लागतं.

खुणा सायलोच्या तळाशी येत असतील तर कारण उघड आहे. सायलो रिकामा होत येतो तेव्हा फुटके दाणे, मुळांचा चुरा, धूळ असा माल शेवटी उतरतो. हे पीठ गिरणीनं केलेलंच नाही, ते आधीपासून मालात होतं. ते काढण्यासाठी गिरणीच्या आधी ड्रेसर असतो, आणि ड्रेसरची जाळी गच्च बसलेली असते किंवा धूळ ओढणाऱ्या पंख्याची पिशवी भरलेली असते. गिरणी थांबवून ड्रेसरच्या आधीचा आणि नंतरचा अख्खा माल्ट चाळून बघा. दोन्हींतली धूळ सारखीच आली तर ड्रेसर नावापुरता फिरतोय. माझ्या पाहण्यात तुंबणाऱ्या टनांचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच आहे.

खुणा खेप बदलताना येत असतील तर माल्टकडे वळा. शरद ऋतूत नवं पीक येतं, वाण बदलतो, दाण्याची जाडी बदलते. त्याहून मोठा घोळ ओलीचा. डिस्टिलरीच्या माल्टमध्ये साधारण 4 ते 5 टक्के पाणी असतं. ते वाढलं, म्हणजे सायलोचं छप्पर गळलं किंवा खेप ओलसर आली, की दाणा फुटण्याऐवजी चेपतो. टरफल चिवट होतं, कणी जाड राहते, उतारा पडतो. मग चाक आवळलं जातं. पुढची खेप कोरडी, ठिसूळ. त्या आवळलेल्या फटीत तिचं टरफल चुरा होतं, पीठ वाढतं, टन तुंबतो, चाक सैल होतं. सुरुवातीला सांगितलेलं चक्र ते हेच. दोन्ही वेळा गिरणी बिचारी जशीच्या तशी होती. प्रत्येक खेपेची ओल आणि फ्रायेबिलिटी (दाणा किती ठिसूळ आहे ते) माल्टवाल्याच्या प्रमाणपत्रावर छापलेली असते. ते प्रमाणपत्र ऑफिसच्या फायलीत न पडता गिरणीच्या मजल्यावर आलं पाहिजे.

फ्रायेबिलिटी कमी असेल तर आणखी एक गोष्ट होते. नीट न उगवलेल्या दाण्यात बीटा-ग्लुकन हा डिंकासारखा घटक शिल्लक राहतो आणि वॉर्ट दाट, बुळबुळीत होतं. भरड अगदी आदर्श असली तरी असं वॉर्ट सावकाशच निचरणार. इथे गिरणीशी खेळून काहीही मिळत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एक मुद्दा वेगळा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या डिस्टिलरीत भारतीय सहा-ओळी बार्लीपासून (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असणाऱ्या) सिंगल माल्ट करतात, देशात इतरत्रही ही बार्ली वापरतात. सहा ओळींच्या कणसात बाजूचे दाणे बारीक आणि जरा वाकडे असतात, त्यामुळे एकाच पोत्यात जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे दाणे निघतात. स्कॉटलंडच्या दोन-ओळी बार्लीसाठी ठरवलेली वरची फट तशीच ठेवली तर बारीक दाणा न फुटताच खाली जातो आणि खालची जोडी त्याला चिरडते. टरफल मुळात जास्त असल्यामुळे टन लगेच तुंबत नाही, पण उतारा आतून पोखरला जातो. इकडच्या मॅन्युअलमधले आकडे तिकडे लावू नका. आधी तुमचा माल्ट 2.5 मिलिमीटरच्या जाळीवर चाळून जाड-बारीक किती ते बघा आणि वरची जोडी त्या हिशेबानं लावा.

पट्टा, भरणी आणि मग रोलर

वहीतल्या खुणा दमट दिवसांशी किंवा सुट्टीनंतरच्या पहिल्या घाण्यांशी जुळल्या तर पट्ट्याकडे बघा. चामडी सपाट पट्टा हवेतली ओल पितो आणि ताणला जातो. मग तो घसरतो, जोडीतल्या रोलरांचा वेग पडतो किंवा दोघांमधलं गतीचं नातं बिघडतं, आणि त्याच फटीतून वेगळी भरड पडते. टॅकोमीटरनं रोलरचे फेरे आधी रिकामे आणि मग माल सोडून मोजा. माल सोडल्यावर फेरे लक्षात येण्याइतके उतरत असतील तर पट्टा आवळा किंवा बदला. घसरणारा पट्टा तापतो, आणि धुळीच्या खोलीत तापलेला पट्टा नको, हे आणखी एक कारण.

भरणी म्हणजे वर माल सोडणारा फीड रोलर आणि त्याची सरकती झडप. झडपेखाली चिंधी, सुतळी किंवा दगड अडकला की रोलरच्या एका बाजूला माल कमी पडतो आणि दुसरी बाजू गुदमरते. चालू गिरणीच्या खिडकीतून बघितलं तर माल्टचा पडदा एकसारखा दिसला पाहिजे. मध्येच फट दिसली तर काम सोपं आहे. घाईघाईत दळण उरकायला झडप जास्त उघडण्याची सवय काही पाळ्यांना असते. त्या पाळीचे घाणे वहीत वेगळे उठून दिसतात. याबद्दल मात्र जरा गोडीनं बोलावं लागतं.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तरच रोलर. गिरणी बंद, वीज तोडून कुलूप लावलेलं, किल्ली स्वतःच्या खिशात. फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला मोजा. दोन टोकं वेगळी आली तर रोलर समांतर नाहीत, दोन्ही बाजूंचे स्क्रू जुळवावे लागतील. टोकं सारखी आणि मध्ये फट जास्त आली तर रोलर मध्ये झिजलाय. तिथे चाक कितीही आवळा, टोकांना पीठ आणि मध्ये जाड भरड हेच मिळणार. रोलरवरच्या खाचांवरून बोट फिरवा. धार लागायला हवी. बोथट खाच दाण्याला पकडत नाही, रगडते, आणि टरफल फाटतं. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर बंद गिरणीत मोजलेली फट चालू गिरणीत खरी नसते, हेही ध्यानात ठेवा. रोलर हातानं हलवून बघितला तर ते कळतं.

आकडे विचारतातच, म्हणून सांगतो: वरच्या जोडीत दीड मिलिमीटरच्या आसपास आणि खालच्या जोडीत एक मिलिमीटरच्या आत, ही सुरुवात करायची जागा. पुढचं तुमचा माल्ट, तुमच्या खाचा आणि तुमचा टन ठरवतील. दात्यांचा जुना, खोल थराचा टन जाड भरड मागतो. सुऱ्यांचा, उथळ थराचा लाउटर टन थोडी बारीक भरड चालवून घेतो. टीनिनिक आणि इंचडेअर्नीसारख्या डिस्टिलऱ्यांत टनाऐवजी मॅश फिल्टर (दाबून गाळणारं यंत्र) आहे, तिथे हॅमर मिलनं, म्हणजे हातोड्यांच्या गिरणीनं, सरळ पीठच करतात आणि हा सगळा लेख त्यांच्या कामाचा नाही.

फट बदलायचीच झाली तर एका वेळी एकच जोडी, आणि आधी वरची. वरच्या जोडीनं टरफल नीट उघडलं तर खालच्या जोडीला जोर लावावा लागत नाही. चाक नेहमी एकाच दिशेनं आणून थांबवा. सैल करायचं असेल तर थोडं जास्त सैल करून परत आवळत नेमक्या जागी आणा, म्हणजे स्क्रूच्या आट्यांमधली ढिलाई फसवणार नाही. लॉकनट घट्ट करा. त्याच माल्टचे निदान तीन घाणे होईपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. एका घाण्यावरून मत बनवणं हाच या चक्राचा इंधनपुरवठा आहे.

गिरणीचा दोषच नसेल तर

टन रिकामा केल्यावर ड्राफ बाहेर काढण्याआधी फावड्यानं त्यात उभा काप घ्या. वरून खालपर्यंत टरफल आणि कणी मिसळलेली, सच्छिद्र दिसली तर भरड ठीक आहे. वर राखाडी, कणकेसारखा चिकट थर जाड असेल तर पीठ जास्त. आणि तळाशी, जाळीलगत, माल घट्ट दाबून बसलेला असेल तर गिरणीला सोडा, निचरा करणाऱ्याला धरा. सुरुवातीलाच वॉल्व्ह सताड उघडून जोरात ओढलं की थर खाली खेचला जातो आणि स्वतःच्याच वजनानं बंद होतो. पहिलं वॉर्ट सावकाश सोडायचं, वेग हळूहळू वाढवायचा. थर बसलाच तर खालून गरम पाणी देऊन तो अलगद उचलायचा आणि थोडा वेळ निवांत बसू द्यायचा.

जाळीच्या पाट्या उचलून त्यांच्या खाचा साफ आहेत का तेही बघा. पहिल्या पाण्यानंतर टनातलं तापमान 64 अंशांच्या आसपास यायला हवं. भरड थंड असताना किंवा थर्मामीटर खोटं बोलत असताना ते दोन-तीन अंश खाली राहिलं तर वॉर्ट दाट राहतं आणि सगळे गिरणीकडे बोट दाखवतात. थर्मामीटर तपासायला फार तर दहा मिनिटं लागतात.

सुरक्षेचं एकच सांगतो, पण ते टाळू नका. माल्टची धूळ हवेत उडाली की स्फोटक असते, आणि एका खड्याची रोलरवर पडलेली ठिणगी पुरते. ब्रिटनमध्ये 2002 पासून यासाठी डीसीअर हे स्फोटक वातावरणाबद्दलचे नियम लागू आहेत. डीस्टोनर (खडे काढणारं यंत्र) आणि लोहचुंबक प्रत्येक पाळीला साफ करायचे. चुंबकावर काय सापडलं ते वहीत लिहायचं. नट किंवा वॉशर सापडला तर तो वरच्या कुठल्यातरी यंत्रातून सुटलाय. सांडलेली भरड कॉम्प्रेस्ड एअरनं उडवायची नाही. धुळीसाठीचा व्हॅक्यूम वापरा.

रोलर झिजलेच असतील तर खाचा पुन्हा पाडून घ्याव्या लागतात, आणि ते काम वर्षातून एकदा येणाऱ्या बंदच्या काळात, इथे ज्याला सायलेंट सीझन म्हणतात, तेव्हाच होतं. जोडीतले दोन्ही रोलर एकत्र पाठवा. एक नवा आणि एक जुना लावला तर जोडी कधीच जुळत नाही. परत आले की व्यास मोजून ठेवा, कारण तो कमी झालेला असतो आणि चाकावरची जुनी खूण आता खोटी ठरते. ताज्या खाचा फार धारदार असतात, म्हणून पहिला आठवडा वरची फट नेहमीपेक्षा थोडी मोकळी ठेवा, रोज तिन्ही ठिकाणचा नमुना चाळा आणि टरफलाचं घनमान स्थिर झालं की मगच लॉकनट कायमचा आवळून नवी खूण करा.